प्रारणजन्य फुप्फुसविकार, स्तन-कर्करोगोत्तर

प्रारणजन्य फुप्फुसविकार : प्रारण चिकित्सेत (उच्च ऊर्जेच्या किरणांनी कर्करोग कोशिकांचा नाश करण्याच्या उपचारात) छातीतील निरोगी फुप्फुसावर पडणाऱ्या किरणांमुळे उद्‌भवणाऱ्या विकारांना ही संज्ञा लावतात. प्रस्तुत नोंदीत स्तनाच्या कर्करोगावरील उपचारानंतर आढळणाऱ्या विकारांचाच विचार केला आहे. या उपचाराला बोलीभाषेत ‘शेक घेणे’ किंवा ‘लाइट घेणे’ असे म्हणतात. उपचार संपल्यावर काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी आणि क्वचित काही वर्षांनी खोकला, श्वासकष्ट (दम लागणे) व ज्वर या रूपाने हे विकार प्रकट होतात.

हे विकार विरळ असून त्यांपैकी बहुतेक बरे होणारे आहेत. तरीही त्यांची माहिती असणे महत्त्वाचे आहे. कारण त्यांची लक्षणे क्षयरोगाच्या लक्षणांशी मिळतीजुळती असतात आणि काही रुग्णांत क्ष-किरण चित्रातील छायाही क्षयरोगाच्या नेहमीच्या जागीच पडते. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. जळगाव व धुळे यांसारख्या जिल्ह्यांत दीर्घकाळचा खोकला म्हटला की प्रथम क्षयरोगाची शंका येणे स्वाभाविक व योग्यही असते. परंतु ज्या स्त्रीने दूरच्या शहरात किरणांचा उपचार घेतलेला आहे, तिच्या खोकल्याचा विचार करताना आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी लागते. ती विसरली गेल्यास अनावश्यक औषधे दिली जातात. उलट तिच्यावरच भिस्त ठेवल्यास खरा क्षयरोग नजरेआड होतो. दोन्ही चुका रुग्णास महाग पडतात.

पार्श्वभूमी : व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर थोड्याच काळात त्यांचा उपयोग स्तनाच्या कर्करोगावर होऊ लागला. त्याबरोबरच छातीच्या आतील भागावर होणारे दुष्परिणामही दिसू लागले. इव्हान्स व ल्युकुशिया यांनी १९२५ मध्ये तीव्र किरणोपचारानंतर छातीच्या पोकळीत होणाऱ्या बदलांचे वर्णन प्रसिद्ध केले. १९५१ मध्ये कॅनडात कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी समस्थानिकाचा बाह्य उपचारासाठी वापर सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे ही यंत्रे जगभर प्रचारात राहिली. नंतर रेषीय वेगवर्धक यंत्रे आली. महाराष्ट्रात मुंबई येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाच्या प्रशासनाखाली आले.

पूर्वी किरणांचे क्षेत्र आखताना केवळ साध्या क्ष-किरण चित्रांचा आधार असे. आता सीटी स्कॅनच्या (शरीराच्या आडव्या छेदांची चित्रे देणाऱ्या संगणकीय पद्धतीच्या) साहाय्याने प्रत्येक रुग्णाच्या फुप्फुसाचा कोणता भाग किती मात्रा शोषील, याचे गणित आधीच मांडता येते. त्यामुळे या विकारांचे प्रमाण घटले आहे. परंतु ते शून्यावर आलेले नाही.

फुप्फुसावर किरण पडण्याची कारणे : छातीची भिंत बहिर्गोल असते आणि तिच्या लगेच मागे फुप्फुस असते. म्हणून स्तनावर किंवा स्तन काढल्यानंतर राहिलेल्या छातीच्या भिंतीवर किरण समोरून न देता दोन्ही बाजूंनी तिरपे, वर्तुळास स्पर्शरेषा जावी त्याप्रमाणे देतात. तरीही गोलाकार भिंत पूर्णपणे क्षेत्रात घेण्यासाठी तिच्या आतील फुप्फुसाची एक पातळ चकती क्षेत्रात येतेच. बहुधा तिची जाडी १ ते ३ सेंमी. असते.

काखेतील लसीका ग्रंथींत कर्करोग पसरलेला असल्यास जत्रूच्या (गळ्याखालील आडव्या हाडाच्या) वरील भागावरही किरण द्यावे लागतात. हा झोत समोरून येत असल्याने फुप्फुसाच्या शिखराचा (सर्वांत वरच्या टोकाचा) बराच भाग त्याच्या मार्गात सापडतो. भारतात पुष्कळ स्त्रिया रोग वाढल्यानंतर रुग्णालयात येतात. त्यांच्यात ग्रंथींवर किरण देण्याची गरज अधिक वेळा पडते आणि फुप्फुसाचा क्षेत्रात येणारा भागही त्या मानाने वाढतो.

शोषित मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलोग्रॅम द्रव्याने एक जूल ऊर्जा शोषली म्हणजे ती मात्रा १ ग्रे होते. दीर्घकाळ प्रचलित असलेल्या पद्धतीत एकूण ५० ग्रे मात्रा २५ भागांत पाच आठवड्यांत देत. ब्रिटनमधील मोठ्या चाचण्यांनंतर ४० ग्रे मात्रा १५ भागांत तीन आठवड्यांत देण्याची पद्धत रूढ झाली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निवडक रुग्णांना २६ ग्रे मात्रा पाच भागांत एका आठवड्यात दिली होती. संपूर्ण फुप्फुसाला याहून पुष्कळ कमी मात्राही सोसत नाही. पण थोड्या भागास मिळालेली मोठी मात्रा सोसली जाते, कारण उरलेले फुप्फुस श्वसनाचे कार्य चालू ठेवते. म्हणून किरणोपचार योजनेत २० ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा मिळणारा त्या बाजूच्या फुप्फुसाचा भाग सामान्यतः ३० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी राहील, अशी दक्षता घेतात.

विकृतिविज्ञान : किरणांचा आघात मुख्यतः दोन प्रकारच्या कोशिकांवर होतो. वायुकोशांच्या (फुप्फुसातील सूक्ष्म हवेच्या पिशव्यांच्या) अस्तरातील काही कोशिका एक स्निग्ध द्रव्य स्रवतात. त्यामुळे वायुकोश मिटून जात नाहीत. या कोशिका आणि केशवाहिन्यांच्या (अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या) अस्तरातील कोशिका किरणांनी दुखावतात. केशवाहिन्यांतून द्रव झिरपतो, लसीका कोशिका व इतर श्वेत कोशिका तेथे जमतात आणि शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण होतो. यास प्रारणजन्य फुप्फुसशोथ म्हणतात. शोथ ओसरला तर ऊतक (समान कोशिकांचा समूह) बहुतांशी पूर्ववत होते. तसे न झाल्यास तंतुजनक कोशिका वाढून मऊ, स्पंजासारख्या ऊतकाच्या जागी वणासारखे घट्ट ऊतक तयार होते. या अवस्थेस तंतुमयता असे नाव आहे.

ही क्रिया मंद असल्यामुळे उपचार चालू असताना रुग्णास छातीत काहीच जाणवत नाही. त्वचा लाल होणे, जळजळणे हे परिणाम लगेच दिसतात. फुप्फुसावरील परिणाम मात्र रुग्ण घरी परतून नित्याच्या कामास लागल्यावर दिसू लागतो.

प्रमाण : लक्षणे नसताना केवळ क्ष-किरण चित्रात किंवा सीटी स्कॅनमध्ये दिसणारे बदल पुष्कळ रुग्णांत आढळतात. त्यांना उपचाराची गरज नसते. लक्षणांसह होणारा फुप्फुसशोथ मात्र विरळ आहे. अमेरिकेतील बॉस्टन येथील १,६२४ रुग्णांच्या पाहणीत (१९९१) तो १७ जणींत म्हणजे सुमारे १ टक्का आढळला. ज्यांना ग्रंथींच्या क्षेत्रासह किरण आणि रसायन चिकित्सा (कर्करोगविरोधी औषधांचा उपचार) एकाच वेळी दिली होती, त्यांच्यात हे प्रमाण ८·८ टक्के होते. हेच दोन उपचार एकापाठोपाठ एक दिलेल्या रुग्णांत ते १·३ टक्के होते. यास्तव हे दोन उपचार आता सामान्यपणे एकाच वेळी देत नाहीत. उतारवय, आधीचा फुप्फुसविकार आणि क्षेत्रात आलेल्या फुप्फुसाचे मोठे आकारमान यांमुळेही धोका वाढतो.

प्रकार व लक्षणे : (१) प्रारणजन्य फुप्फुसशोथ : उपचार संपल्यापासून बहुधा ४ ते १२ आठवड्यांत आणि एकंदरीत सहा महिन्यांच्या आत याची सुरुवात होते. कोरडा खोकला, चढ चढताना किंवा ओझे उचलताना दम लागणे, बारीक ज्वर व छातीत जडपणा ही लक्षणे असतात. श्रवणनलिकेने तपासताना पुष्कळदा विशेष काही ऐकू येत नाही. क्ष-किरण चित्रात उपचार झालेल्या बाजूस धूसर छाया दिसते. तिच्या कडा फुप्फुसाच्या नैसर्गिक खंडांप्रमाणे नसून किरणांच्या क्षेत्राच्या कडेप्रमाणे सरळ असतात. ही खूण निदानास अत्यंत उपयुक्त आहे.

(२) तंतुमयता : उपचारानंतर सहा महिन्यांपासून हिची चिन्हे दिसू लागतात आणि सुमारे दोन वर्षांनी ती स्थिर होते. तिच्या आधी फुप्फुसशोथाची लक्षणे झालेली असतातच असे नाही. बहुतेक रुग्णांत ती शिखरापुरती किंवा छातीच्या भिंतीलगतच्या पट्ट्यापुरती मर्यादित असते व तिचा त्रास होत नाही. विस्तृत तंतुमयतेत मात्र आक्रसलेल्या ऊतकाच्या ओढीने श्वासनलिका विस्फारतात, कफ साठतो आणि जंतुसंसर्ग पुनःपुन्हा होतो.

(३) संघटनशील फुप्फुसशोथ : या प्रकारात वायुकोशांत व सूक्ष्म श्वासनलिकांत संयोजी ऊतकाचे (इतर ऊतकांना आधार देणाऱ्या ऊतकाचे) मऊ कोंब वाढतात. स्तनावरील किरणोपचारानंतरच्या या विकाराची वर्णने फ्रान्समधील वैद्यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केली. याचे वैशिष्ट्य असे की, छाया किरणांच्या क्षेत्राबाहेर, कधीकधी दुसऱ्या बाजूच्या फुप्फुसातही, उमटते आणि काही आठवड्यांत एका जागेवरून नाहीशी होऊन दुसरीकडे दिसू लागते. ज्वर, खोकला व थकवा ही लक्षणे असतात. प्रतिजैव औषधांचा उपयोग होत नाही. स्टेरॉइड औषधांनी मात्र थोड्याच दिवसांत आराम पडतो. औषध कमी करताना विकार उलटण्याचा संभव असतो. जपानमधील पाहण्यांत या विकाराचे प्रमाण शंभरात सुमारे दोन इतके आढळले आहे.

(४) इओसिनरागी फुप्फुसशोथ : इओसिनरागी कोशिका (अधिहर्षतेत म्हणजे ॲलर्जीत वाढणाऱ्या श्वेत कोशिका) फुप्फुसात व रक्तात वाढल्याने हा अत्यंत विरळ विकार होतो. २००४ मध्ये फ्रान्समधून अशा पाच स्त्रियांची नोंद झाली. त्या सर्वांना आधीपासून दमा किंवा अधिहर्षतेचा त्रास होता. ग्रामीण भागात जंतांच्या प्रादुर्भावामुळेही रक्तातील या कोशिका वाढतात. म्हणून त्या वाढल्याचे दिसताच प्रारणजन्य विकाराचा निष्कर्ष काढता येत नाही.

(५) द्विपार्श्व लसीका कोशिकीय शोथ : किरण एकाच बाजूस दिलेले असतानाही दोन्ही फुप्फुसांतील वायुकोशांत लसीका कोशिकांची वाढ झाल्याचे काही रुग्णांत आढळले आहे. यावरून प्रारणजन्य विकार हा केवळ भाजल्यासारखा स्थानिक आघात नसून शरीराच्या प्रतिरक्षा यंत्रणेचाही त्यात भाग असतो, असे मानले जाते.

(६) प्रत्यावाहित शोथ : किरणोपचार संपून बराच काळ लोटल्यावर विशिष्ट औषध दिले असता पूर्वी किरण पडलेल्या जागीच शोथ उसळतो. अशी घटना प्रथम त्वचेच्या बाबतीत १९५९ मध्ये वर्णिली गेली. फुप्फुसात ती टॅक्सेन गटातील औषधे, जेमसिटाबीन इत्यादींनंतर क्वचित दिसते.

(७) अन्य विकार : परिफुप्फुसात (फुप्फुसावरील दुहेरी आवरणात) थोडे पाणी साठणे, बरगडीचे हाड ठिसूळ होऊन मोडणे आणि अतिविरळ प्रसंगी वातवक्ष (परिफुप्फुसाच्या पोकळीत हवा शिरून फुप्फुस मिटणे) हे विकार नमूद आहेत. अनेक वर्षांनंतर किरण पडलेल्या फुप्फुसात नवा कर्करोग उद्‌भवण्याचा धोकाही थोडा वाढतो. २०१७ मधील एका व्यापक विश्लेषणानुसार आधुनिक किरणोपचारामुळे वाढणारा हा धोका दीर्घकाळ धूम्रपान चालू ठेवणाऱ्या स्त्रियांत सुमारे ४ टक्के, तर धूम्रपान न करणाऱ्यांत सुमारे ०·३ टक्के आहे. उपचाराच्या वेळी धूम्रपान सोडण्याचा सल्ला देतात तो यासाठीच.

निदान : या विकारांची खात्री पटवणारी एकच एक तपासणी नाही. उपचार कधी संपला, किरण कोणत्या बाजूस व कोणत्या क्षेत्रावर दिले, छाया त्या क्षेत्राशी जुळते काय आणि दुसरे कारण सापडते काय, या चार प्रश्नांच्या उत्तरांवर निदान अवलंबून असते. जंतुजन्य फुप्फुसशोथ, क्षयरोग, कर्करोगाचा फुप्फुसात प्रसार, हृदयविकार, फुप्फुसातील रक्तवाहिनीत गुठळी अडकणे आणि कर्करोगावरील औषधांचे दुष्परिणाम ही इतर कारणे तपासावी लागतात. शेवटच्या कारणाचे महत्त्व वाढत आहे. कारण स्तनाच्या कर्करोगावरील काही नवी औषधे स्वतःच फुप्फुसशोथ निर्माण करतात.

क्षयरोगाशी होणारी गल्लत विशेषतः शिखरावरील छायेच्या बाबतीत घडते. प्रौढांतील क्षयरोग फुप्फुसाच्या वरच्या भागास अधिक ग्रासतो. जत्रूच्या वर दिलेल्या किरणांचा परिणामही तेथेच होतो. किरणजन्य छाया उपचाराच्याच बाजूस असते, तिची कडा रेखीव असते आणि तिच्यात पोकळी बहुधा आढळत नाही. सायंकाळी चढणारा ज्वर, रात्री घाम येणे, वजन घटणे, थुंकीतून रक्त पडणे, छायेत पोकळी दिसणे किंवा दुसऱ्या बाजूसही छाया असणे या गोष्टी क्षयरोगाकडे अधिक निर्देश करतात. तथापि केवळ चित्रावरून निर्णय न करता थुंकीची तपासणी करावी लागते. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधण्याच्या जुन्या पद्धतीबरोबरच जंतूंचे जनुकीय द्रव्य ओळखणारी सीबी-नॅट ही तपासणी आता उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने तिला २०१० मध्ये मान्यता दिली. राष्ट्रीय क्षयरोग दुरीकरण कार्यक्रमाखाली क्षयरोगाची तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. कोरड्या खोकल्यामुळे थुंकी मिळत नसेल, तर श्वासनलिकादर्शकाने द्रव काढून तो तपासतात. त्याच द्रवातील कोशिकांच्या प्रकारांवरून संघटनशील किंवा इओसिनरागी शोथाचेही अनुमान करता येते.

चुकीच्या निदानाचे परिणाम : प्रारणजन्य शोथ क्षयरोग समजला गेल्यास रुग्णास निदान सहा महिने क्षयरोगविरोधी औषधे घ्यावी लागतात. त्यांचा यकृतावर होऊ शकणारा दुष्परिणाम परिचित आहे. याखेरीज एक कमी परिचित धोका असतो. स्तनाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांना रोग उलटू नये म्हणून टॅमॉक्सिफेन हे औषध काही वर्षे घ्यावयाचे असते. क्षयरोगावरील रिफाम्पिसीन हे औषध यकृतातील एंझाइमांची क्रियाशीलता वाढवते व टॅमॉक्सिफेनाचा नाश फार लवकर घडवून आणते. फिनलंडमधील १९९८ च्या एका प्रयोगात रिफाम्पिसीनमुळे शरीराला लाभणारे टॅमॉक्सिफेनाचे एकूण प्रमाण ८६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. म्हणजे स्त्री गोळी नियमाने घेत असूनही तिचे संरक्षण नाममात्र उरण्याचा संभव असतो. खरा क्षयरोग असेल तेव्हा त्याचे उपचार टाळता येत नाहीत. परंतु अशा वेळी कर्करोगतज्ज्ञास कळवून हॉर्मोन उपचाराची पुनर्योजना करावी लागते.

उलट प्रकारची चूकही तितकीच घातक आहे. खोकला किरणांमुळेच आहे असे गृहीत धरून स्टेरॉइड दिले आणि प्रत्यक्षात क्षयरोग असला, तर रोगप्रतिकारशक्ती दबून क्षयरोग झपाट्याने पसरतो. सुरुवातीला ज्वर उतरून बरे वाटते, त्यामुळे फसगत अधिकच होते. तिसरी चूक घरच्यांकडून घडते. दम लागू लागला म्हणजे कर्करोग छातीत उतरला, आता उपाय नाही, अशी समजूत करून घेऊन ते रुग्णास रुग्णालयात नेण्याचे टाळतात. वस्तुतः काही आठवड्यांच्या औषधाने बरा होणारा विकार त्यामुळे बळावतो.

उपचार : लक्षणे सौम्य असल्यास विश्रांती, खोकल्यावरील साधी औषधे व नियमित तपासणी पुरते. श्वासकष्ट स्पष्ट असल्यास आणि जंतुसंसर्ग नसल्याची शक्य तितकी खात्री झाल्यावर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड देतात. मात्रा सामान्यतः शरीराच्या वजनाच्या दर किलोग्रॅमला ०·५ ते १ मिग्रॅ. असून सुमारे दोन आठवड्यांनंतर ती अनेक आठवडे हळूहळू उतरवतात. बरे वाटताच औषध एकदम बंद केल्यास विकार उलटतो. मधुमेही रुग्णांत रक्तशर्करा वाढते, म्हणून तिची वारंवार तपासणी करतात. तंतुमयता एकदा पक्की झाल्यावर औषधाने मागे फिरत नाही. श्वसनाचे व्यायाम, इन्फ्ल्यूएंझा व न्यूमोकॉकस यांविरुद्धच्या लसी आणि धूर-धुळीपासून संरक्षण यांवर भर द्यावा लागतो.

प्रतिबंध : फुप्फुस वाचविण्याचे मुख्य काम उपचाराच्या आखणीत होते. सीटी स्कॅनवर आधारित योजना, क्षेत्राची मर्यादा, योग्य रुग्णांत श्वास खोल घेऊन रोखून धरण्याची किंवा पालथे झोपून किरण घेण्याची पद्धत आणि रसायन चिकित्सेशी एककालिकता टाळणे हे त्यातील प्रमुख उपाय होत. दमा, पूर्वीचा क्षयरोग अथवा धुळीच्या व्यवसायातील खोकला असल्यास रुग्णाने तो आधीच सांगणे आवश्यक असते.

खानदेशातील परिस्थिती : जळगाव, धुळे आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हे जिल्हे मिळून आजचा खानदेश मानला जातो. येथील अनेक रुग्ण किरणोपचारासाठी मुंबई, नाशिक, छत्रपती संभाजीनगर किंवा इंदूर येथे जातात. जळगाव मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे ४२० किमी. व धुळे रस्त्याने सुमारे ३२५ किमी. दूर आहे. तीन ते पाच आठवडे शहरात राहून उपचार पुरा केल्यावर रुग्ण गावी परततो आणि फुप्फुसशोथाचा काळ नेमका त्यानंतर येतो. म्हणजे किरण एका ठिकाणी दिले जातात व त्यांचा परिणाम दुसऱ्या ठिकाणच्या वैद्यापुढे येतो. खोकल्याची तक्रार प्रथम गावातील डॉक्टर, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा तालुक्याचे रुग्णालय यांच्याकडे जाते. तेथे स्तनाच्या शस्त्रक्रियेची माहिती सांगितली जाते. ‘शेक’ मात्र बाहेरून दिलेला व वेदनारहित उपचार असल्याने सांगण्याचे राहून जाते. संकोचामुळे काही स्त्रिया छातीवरील व्रण दाखवण्याचेही टाळतात.

ऋतुमानही गोंधळात भर घालते. उदा., एखाद्या स्त्रीचा किरणोपचार दसऱ्याच्या सुमारास संपला, तर फुप्फुसशोथाचा संभाव्य काळ कापूस वेचणीच्या आणि थंडीच्या दिवसांत येतो. त्या वेळी सरकी काढण्याच्या जिनिंग कारखान्यांतील तंतुमय धूळ, सकाळचा गारठा व चुलीत जळणाऱ्या पऱ्हाटीचा धूर यांमुळे घरोघर खोकला असतोच. माघ-फाल्गुनात किंवा पुढे दादर (रब्बीची ज्वारी) व गहू यांच्या मळणीची धूळ सुरू होते. अशा वेळी खोकला धुळीचा मानून महिना-दोन महिने दुर्लक्षिला जातो. सातपुड्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यातील रक्तक्षयानेही दम लागतो आणि निदान आणखी गुंतागुंतीचे होते.

धुळे येथील श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ मध्ये सुरू झालेले जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांच्या रुग्णालयांत छातीच्या विकारांची तपासणी होऊ शकते. तेथील तज्ज्ञास निर्णय करण्यासाठी सर्वांत उपयुक्त साधन म्हणजे किरणोपचार केंद्राने दिलेला उपचार-सारांश होय. त्यात बाजू, क्षेत्रे, एकूण मात्रा, भागांची संख्या, पहिल्या व शेवटच्या दिवसाची तारीख आणि इतर औषधे नमूद असतात. जत्रूच्या वर किरण दिले होते की नाही, या एका नोंदीवरून शिखरावरील छायेचा अर्थ बदलतो. उपचारापूर्वी काढलेले छातीचे चित्रही तितकेच मोलाचे असते. छाया आधीचीच होती की नंतर उमटली, हे त्याखेरीज समजत नाही. किरणजन्य तंतुमयतेची खूण क्ष-किरण चित्रात जन्मभर राहते. म्हणून ही कागदपत्रे एक-दोन वर्षांनी टाकून न देता कायम जपून ठेवणे आणि छातीच्या कोणत्याही तपासणीस जाताना बरोबर नेणे हिताचे असते.

किरणोपचारानंतर सहा महिन्यांच्या आत दोन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, नव्याने लागणारा दम किंवा कारण न सापडणारा ज्वर असल्यास छातीचे चित्र व थुंकीची तपासणी दोन्ही करून घेणे आणि किरणोपचार केंद्राशी संपर्क साधणे आवश्यक ठरते. ओठ निळसर पडणे, बसल्या जागी दम लागणे किंवा थुंकीतून रक्त पडणे ही तातडीने रुग्णालयात नेण्याची लक्षणे आहेत.

उपचाराचे सापेक्ष महत्त्व : २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात एका वर्षात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १,९२,००० नवे रुग्ण आढळले. भारतीय स्त्रियांत हा सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग आहे. स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचाराचा लाभ किती होतो, हे १७ चाचण्यांतील १०,८०१ स्त्रियांच्या एकत्रित विश्लेषणात (२०११) दिसून आले. दहा वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण किरणांविना ३५ टक्के, तर किरणांसह १९·३ टक्के होते. पंधरा वर्षांतील या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण २५·२ टक्क्यांवरून २१·४ टक्क्यांवर आले. या लाभाशी तुलना करता सुमारे शंभरात एक-दोघींना होणारा आणि बहुधा बरा होणारा फुप्फुसविकार किरणोपचार नाकारण्याचे कारण ठरू शकत नाही. विकार वेळीच ओळखला जाण्यासाठी मात्र उपचार देणारे शहर आणि रुग्णाचे गाव यांच्यामध्ये माहितीचा दुवा टिकून राहिला पाहिजे; आणि तो दुवा बहुतेक वेळा रुग्णाच्या पिशवीतील कागदांच्या रूपानेच अस्तित्वात असतो.